धुळाजीच्या घराला कुलूप

रेणुका बसली की तिचा उजवा पाय हलायला लागतो. वर्गात, बैठकीत, जेवायला बसल्यावरसुद्धा. आसराबाई, तिची माय, लहानपणापासून त्या गुडघ्यावर चापट मारत आली. पाय क्षणभर थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली पोर, हिला एका जागी बसवणार कसं, असं धावड्यातले लोक म्हणायचे. तिनं मात्र काम निवडलं ते बसून करायचं, आणि तेही असलं की ते नेमकं काय आहे हे गावाला आजवर धड कळलेलं नाही.

काम असं. जैवतंत्रज्ञान पुढं कुठं जाणार आणि त्याचा बियाण्यावर, जनावरांवर, औषधांवर, मुख्य म्हणजे ज्यांना कुणी विचारत नाही अशा माणसांवर काय परिणाम होणार, याचा आधीच अंदाज घ्यायचा. सरकारी समित्यांना तशी टिपणं लिहून द्यायची, म्हणजे नियम वेळेवर आणि जरा शहाणपणानं होतील. आणि शाळा-कॉलेजांत जाऊन हे सगळं पोरांना समजेल असं सांगायचं. तिच्या कार्डावर ‘भविष्यवेध संशोधक’ असं छापलेलं होतं. कार्ड उलटंपालटं करून अंगदनं, तिच्या बापानं, एवढंच विचारलं, की नोकरी पगारी आहे ना. आहे म्हटल्यावर त्यानं कार्ड देवळीत ठेवून दिलं आणि विषय संपवला.

पण गंमत अशी की पुढचं सांगायचं काम या घराला नवीन नव्हतं. रेणुकाचा आजा धुळाजी बिरोबाच्या ठाण्यापुढं भाकणूक सांगायचा. दसऱ्याच्या दिवशी लिंबाखाली घोंगडी अंथरायची, ढोल वाजायचे, म्हातारा तिच्यावर बसायचा, डोळे मिटायचा आणि अंगात वारं आलं की बोलायला लागायचा. पाऊस कुठल्या नक्षत्रात पडणार, ज्वारी कशी येणार, मेंढरांना कुठल्या दिशेला चारा. ‘होईल’ असं तो कधी म्हणायचा नाही. समोर दिसत असल्यासारखा सांगायचा. भाकणूक संपली की घोंगडी झटकून तो सरळ मेंढरांकडं निघून जायचा, आणि नंतर विचारलं तर आपण काय बोललो ते आठवत नाही म्हणायचा. तो गेला तेव्हा रेणुका कॉलेजात होती. अंगदच्या अंगात कधी वारं आलंच नाही, त्यामुळं ती रीत तिथंच थांबली. घोंगडी तेवढी घरात राहिली.

रेणुकाला आज्याच्या भाकणुकीपेक्षा मायच्या पाठीचं जास्त पडलेलं होतं. मेंढरं विकल्यावर आसराबाई मिरचीच्या शेडनेटमध्ये मजुरीला जायला लागली होती. त्या जाळीच्या मांडवात कंपन्यांसाठी संकरित बियाणं तयार होतं आणि ते होतं बायांच्या बोटांनी. मादी ठरवलेल्या झाडाच्या कळीतले परागकोश आदल्या दिवशी चिमट्यानं काढून टाकायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाच्या फुलाची भुकटी लावायची, देठाला दोरा बांधायचा आणि पुढच्या कळीकडं सरकायचं. गावात याला क्रॉसिंग म्हणतात. सुट्टीत रेणुकाही मायसोबत जायची. वाकून वाकून मान आखडायची, जाळीतल्या उकाड्यानं जीव नकोसा व्हायचा, आणि पाय हलवला की झाड हलतं म्हणून बोलणी बसायची. एक दिवस तिनं चिमटा खाली ठेवला आणि मनाशी ठरवलं, आपण तर हे करणार नाहीच, पण मायलाही यातून काढायचं. पुढं ती जे काही शिकली त्याच्या मुळाशी हीच एक गोष्ट होती. बाकीची भारदस्त कारणं तिनं मुलाखतींसाठी तयार केलेली होती.

भोकरदनला बारावी, जालन्याला बीएस्सी, संभाजीनगरला एमएस्सी. मग जालन्याच्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत तिला काम लागलं. गावोगावच्या शेडनेटमधून आलेल्या बियाण्याची शुद्धता डीएनएवरून तपासायची. पांढरा कोट, थंडगार खोली, बसायला फिरती खुर्ची. कुणीही सुखानं राहिलं असतं. हिला सुख बोचायला लागलं. एखादा लॉट फेल निघाला की त्याच्यावरचं गावाचं नाव वाचून तिला त्या गावातल्या बाया दिसायच्या. आणि साहेब लोक जेवणाच्या सुट्टीत बोलायचे, की आता जनुक संपादन येतंय, मादीला परागच येणार नाहीत असं करता येईल, निम्मं हातकाम संपेल. ते आनंदानं बोलायचे. हातकाम संपणार म्हणजे मायची सुटका होणार, पण मग तिच्याबरोबरच्या बाकीच्या बाया काय करणार, हे कुणी बोलत नव्हतं. तिनं एकदा विचारलं, तर साहेब म्हणाले, तो आपला विषय नाही.

तो कुणाचा विषय आहे हे शोधायला तिनं नोकरी सोडली. मग पुण्यातली एक धोरण संस्था झाली, तिथली शिष्यवृत्ती संपल्यावर जालन्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणं झालं. पोरं स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मांडीवर ठेवून तिच्या तासाला बसायची. तिनं पाठ्यपुस्तक मिटलं आणि त्यांना विचारलं, तुमच्या गावात वीस वर्षांनी कोणतं बी पेरलं जाईल आणि ते कुणाचं असेल. पोरांनी मांडीवरची पुस्तकं खाली ठेवली. त्यातून पुढं तिच्या कार्यशाळा सुरू झाल्या, शिक्षकांसाठी, बचत गटांसाठी. टिपणं छापून यायला लागली. शेवटी दिल्लीहून बोलावणं आलं. जैवतंत्रज्ञानाच्या धोरणावर काम करणाऱ्या एका गटात जागा होती, पाडवा झाला की रुजू व्हायचं होतं. एवढं सगळं मनासारखं होऊनही तिचा पाय हलायचा थांबला नव्हता.

दिल्लीला जाण्याआधी आपल्या गावात एक कार्यशाळा घ्यायची, हे तिच्या मनात होतं. आणि गावात तेव्हा एक मोठी गोष्ट घडत होती. तिच्या चुलतभावाची, पप्पूची बायको ज्योत्स्ना हिनं बायांचा गट जमवून स्वतःचं शेडनेट उभं करायचं ठरवलं होतं. आजवर या बाया दुसऱ्याच्या जाळीत मजुरीनं जात आल्या. आता पप्पूच्या शेततळ्याशेजारी त्यांची स्वतःची जाळी होणार होती. कंपनीचं काम गावात वाटून देणारा ऑर्गनायझर तयार होता. त्याची अट एकच, की पाडव्याच्या आत गटानं नक्की काय ते सांगावं, नाहीतर तो हे काम केदारखेड्याच्या बायांना देणार. ज्योत्स्ना गेली दोन वर्षं एवढ्या एका गोष्टीसाठी उंबरे झिजवत होती. रेणुकाला वाटलं, आपली कार्यशाळा यांच्या कामाला येईल.

होळी होऊन गेलेली. शाळेत दहावीची परीक्षा चालू, म्हणून खोली मिळाली नाही. तेव्हा बिरोबाच्या ठाण्यापुढं लिंबाखाली बसू असं ठरलं. सावली चांगली, जागा मोठी. लेक पहिल्यांदाच गावापुढं बोलणार म्हणून अंगदला भलताच हुरूप आला आणि त्यानं घरातून बापाची घोंगडी आणून तिच्यासाठी अंथरली. रेणुकानं ती पाहिली, तिला बरं वाटलं आणि ती तिच्यावर बसली. इतकी शिकलेली बाई, पण त्या क्षणी तिच्या डोक्यात काहीच आलं नाही.

तिची पद्धत ठरलेली होती. भविष्याची तीन वेगवेगळी चित्रं लोकांपुढं मांडायची, एक वाईट, एक चांगलं, एक दोन्हींची सरमिसळ. प्रत्येक चित्र आत्ता घडतंय असं सांगायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला ते लागतं. आणि शेवटी विचारायचं, यातलं कोणतं आपल्याला हवं आणि त्यासाठी आज काय करायचं. तिनं लोकांना डोळे मिटायला सांगितलं. स्वतःही मिटले. बोलायचं होतं पुस्तकी भाषेत, पण लिंबाखाली बसल्यावर तोंडात घरचीच बोली आली.

“दोन हजार चाळीस साल हाय. दसरा तोंडावर आलाय. आपल्या शिवारात शेडनेटं हुभी हायेत, पण आत कुणी न्हाई. मिरचीच्या मादीला आता परागच येत न्हाईत, नराची भुकटी मधमाश्या लावत्यात. चिमटा नको, दोरा नको, बाई नको. जाळी फाटली, वाऱ्यावर फडफडून राह्यली.”

ती आणखी बरंच बोलली. बांधावर उभ्या बाया, शहराकडं जाणाऱ्या गाड्या, बंद पडलेलं शेततळं. तिनं डोळे उघडले तेव्हा आज्याची भाकणूक ऐकत आलेल्या म्हाताऱ्या वसंतानं डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर घेतलं होतं. रेणुकाला वाटलं, चित्र लोकांना लागलं, छान झालं. आता दुसरं सांगायला तिनं तोंड उघडलं आणि वेशीकडून पाण्याच्या टँकरचा हॉर्न आला. टँकर त्या आठवड्यात पहिल्यांदाच येत होता. बाया पदर खोचत उठल्या आणि घागरींसाठी पळाल्या, त्यांच्यामागं पुरुष गेले. घोंगडीवर रेणुका आणि तिची दोन न सांगितलेली चित्रं तेवढी उरली. पुन्हा येऊ तेव्हा सांगू, असं म्हणून तिनं घोंगडी झटकली.

दुसऱ्या दिवशी ती आसराबाईला जालन्याला घेऊन गेली. डोळ्यातल्या मोतीबिंदूची तारीख महिनाभर आधीच घेतलेली होती. डॉक्टर म्हणाले वयानं झालाय, रेणुकाचं मत क्रॉसिंगनं झालाय, आणि त्या बाबतीत ती डॉक्टरांचंही ऐकायला तयार नव्हती. सोबतीला अंगदही निघाला. शेळी शेजारी बांधली, दाराला कुलूप लावलं आणि तिघं सकाळच्या बसनं गेली.

ऑपरेशन नीट झालं. आसराबाई काळा चष्मा लावून रेणुकाच्या भाड्याच्या घरात राहिली. आणि रेणुकानं मनातली जुनी गोष्ट बोलून टाकली. आता परत जायचं नाही, क्रॉसिंग बंद. मी दिल्लीत स्थिरावले की तिकडं न्यायचं, तोवर दोघांनी इथंच राहायचं. अंगदला चौकातलं चहाचं दुकान आवडलं होतं, त्यानं मान हलवली. आसराबाई दिवसभर खिडकीतून गॅलरीत आणि गॅलरीतून खिडकीत करत राहिली. रेणुकाला हा फिरण्याचा रोग कुणाकडून आला, ते बघणाऱ्याला त्या घरात लगेच कळलं असतं.

पाडव्याला चार दिवस राहिले असताना ज्योत्स्नाचा फोन आला. एक एक करून गटातल्या सगळ्या बाया मागं सरल्या होत्या. कुणी म्हणे सासू नको म्हणते, कुणी म्हणे पोराचं लग्न आहे. खरं कारण वसंताच्या सुनेनं सांगितलं, की धुळाजीच्या नातीच्या तोंडून बिरोबा बोललाय, शेडनेटं ओस पडणार, मग कशाला जीव गुंतवायचा. ज्योत्स्नाचा आवाज कोरडा होता. ती रडली असती तर रेणुकाला बरं वाटलं असतं.

रेणुकानं दुपारची बस पकडली. जालना ते भोकरदन आणि तिथून धावडा, सगळ्या रस्त्यानं ती स्वतःला शिव्या घालत होती. घोंगडी, लिंब, मिटलेले डोळे, ‘हुभी हायेत, फडफडून राह्यली’. आज्याची भाकणूक हुबेहूब तशीच असायची. हे पुण्याच्या कुठल्या माणसाकडून झालं असतं तर लोकांनी टाळ्या वाजवून चहा घेतला असता. ही चूक व्हायला त्याच घरातलं माणूस लागत होतं.

संध्याकाळी लिंबाखाली तिनं लोकांना पुन्हा बोलावलं. या खेपेला उभी राहून बोलली, डोळे उघडे ठेवून. म्हणाली, ती भाकणूक नव्हती, माझ्या अंगात वारं नाही, ही शिकवायची एक पद्धत आहे. दुसरं चित्र सांगितलं, बायांची स्वतःची शेडनेटं, स्वतःचं वाण. तिसरंही सांगितलं. लोकांनी मान डोलावत ऐकून घेतलं. शेवटी वसंता समजुतीच्या सुरात म्हणाला, की पोरी, धुळाजीबी असंच म्हणायचा, मला आठवत नाही म्हणायचा. भाकणूक एकदाच येते, नंतर माणूस बोलतो. आणि तो उठून घरी गेला. रेणुकानं हात टेकले.

ज्योत्स्ना तिला शेततळ्याकडं घेऊन गेली. जाळीसाठी जागा सपाट करून ठेवलेली होती, चारी कोपऱ्यांवर खुंट्या ठोकलेल्या. रेणुका पुन्हा समजावायला लागली, की आपण तीन चित्रं सांगणार होतो, टँकर आला म्हणून राहिलं, लोकांनी एकच धरून ठेवलं. ज्योत्स्ना खुंटीची दोरी सरळ करत ऐकत होती. मग ती हळूच बोलली.

“ताई, भाकणूक तर लोक दर साली ऐकायचे. पण सासरे सांगायचे, ऐकून झालं की समदं गाव आज्याच्या मेंढराकडं बघायचं. आजा मेंढरं घिऊन चाऱ्यासाठी घाटाखाली उतरला तर लोक उतरायचे. राह्यला तर राहायचे. तुम्ही भाकणूक सांगितली, आन दुसऱ्या दिवशी मायला घेऊन गेल्त्या. धुळाजीच्या घराला आजवर कुलूप कुणी बघितलं न्हवतं.”

रेणुकानं डोळ्याचं ऑपरेशन सांगितलं, तारीख आधीची होती हे सांगितलं. ज्योत्स्नानं ते मान्य केलं. तिला ते आधीच माहीत होतं.

“डोळा तर झाला ना बरा. मंग माय अजून तिकडंच का? तुम्ही तीन सांगणार होता म्हणता. तीनातल्या कोणत्या चित्रासाठी मायला ठिवून घेतलं?”

रेणुकाजवळ याचं उत्तर होतं, पण ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. समित्यांपुढं, वर्गात, टिपणांत ती कायम म्हणत आलेली की या सगळ्या शक्यता आहेत, आम्ही भाकीत करत नाही. आणि घरी येऊन तिनं मायची पिशवी भरली होती. पहिलं चित्र तिनं शक्यता म्हणून सांगितलंच नव्हतं. ते तिला मनापासून खरं वाटत होतं. दुसरं आणि तिसरं तिनं नियमाप्रमाणं जोडलेलं. लोकांना ते न सांगता कळलं होतं, तिच्या बोलण्यावरून नाही, दारावरच्या कुलपावरून. तिला एकदम संताप आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. ती त्या रात्री पप्पूकडं मुक्कामाला थांबली नाही. मिळेल त्या गाडीनं जालन्याला परतली.

पुढचे दोन दिवस ती घरातसुद्धा धड उभी राहत नव्हती. चहा ठेवायची आणि तो उतू जाईपर्यंत खिडकीशी. दिल्लीचे फोन येत होते, राहायची सोय, कागदपत्रं, पहिल्या बैठकीचा विषय. विषय होता जनुक संपादित भाजीपाला बियाणं आणि ग्रामीण रोजगार. ती वाचायची आणि खाली ठेवायची. मायला परत नेऊन सोडलं तर ज्योत्स्नाची जाळी उभी राहील, हे तिला दिसत होतं. पण आपण ज्या उकाड्यातून मायला काढायला सगळं आयुष्य लावलं, तिथं आपल्याच हातानं तिला परत बसवायचं. आणि तेही ते सगळं एक दिवस ओस पडणार असं मनात धरून. तिला हे कुणाला सांगताही येईना. कुठल्या टिपणात हे लिहायला जागा नसते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गॅलरीत गेली. घरमालकाच्या बाईनं तिथं कुंडीत मिरचीचं रोप लावलं होतं. आसराबाई काळा चष्मा कपाळावर चढवून त्याच्यापुढं उकिडवी बसली होती आणि नखानं एका कळीतले पराग काढत होती. शेजारी गॅलरीच्या गजाला पिशवीच्या दोऱ्याचे तुकडे टांगलेले होते. ना नराचं झाड, ना काही, नुसतीच हाताला सवय म्हणून. बाजूच्या सहा-सात कळ्या तिनं आधीच साफ करून टाकल्या होत्या, म्हणजे घरमालकाच्या बाईला त्या साली मिरची मिळणं कठीणच होतं.

“माय, काय करून राह्यली?” रेणुकानं विचारलं.

आसराबाई दचकली, चोरी सापडल्यासारखी हसली. मग म्हणाली, “इथं बोलायला कुणी न्हाई गं. तिथं जाळीत दिवसभर बायांची तोंडं चालू राह्यती. पाठ दुखती, पण दिवस जातो.”

एवढंच. तिनं काही मोठं सांगितलं नाही, परत जायचा हट्टही धरला नाही. रेणुका तिच्याजवळ खाली बसली. इतकी वर्षं ती मायच्या पाठीची काळजी वाहत आली आणि मायला काय हवंय हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. गावोगाव लोकांना विचारत फिरायची, तुम्हाला कोणतं भविष्य हवं. तिनं विचारलं, जायचं का गावाला. आसराबाईनं चष्मा खाली ओढला आणि पिशवी भरायला उठली. डॉक्टरांनी महिनाभर धुळीत जाऊ नको म्हटलंय, तोवर जाळीत पाय ठेवायचा नाही, ही अट तिनं दाराशी पोचेपर्यंत तीनदा कबूल केली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी भर दुपारी तिघं धावड्याच्या फाट्यावर उतरली. अंगद चहाचं दुकान सुटलं म्हणून जरा नाराज होता. गल्लीतून जाताना दारादारांतून लोक बघत होते. कुलूप धुळीनं अडकलं होतं, अंगदनं किल्लीवर फुंकर मारून ते दोनदा खटखटवलं तेव्हा उघडलं. आसराबाईनं आत जाऊन पहिल्यांदा खिडकी उघडली, मग शेजारून शेळी आणून दावणीला बांधली आणि काळा चष्मा लावून ओट्यावर बसली. थोड्या वेळानं वसंताची सून वाटीभर दही घेऊन आली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. डोळा कसाय, चष्मा किती दिवस, शहरात पाणी येतं का, असल्या गोष्टी निघाल्या. शेडनेटचं नाव कुणी काढलं नाही. संध्याकाळी ज्योत्स्ना सांगायला आली की बायांचा होकार आलाय, ऑर्गनायझरला फोन केलाय, उद्या जाळीचे पाइप उतरतील.

रेणुकाला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्या पोटात भीती होती आणि ती गप्प बसू देईना. तिनं ज्योत्स्नाला ओट्याच्या कडेला घेतलं आणि खरं ते सांगून टाकलं. “वहिनी, ते पहिलं चित्र मला खरंच खरं वाटतं. आजबी वाटतं. किती सालांनी ते म्हाईत न्हाई. मायला आणून मी लोकांना फसवून राह्यले, असं वाटतं मला.”

ज्योत्स्नाला राग आला नाही, आश्चर्यही वाटलेलं दिसलं नाही.

“म्हाईत हाय आम्हाला. खोटं वाटत असतं तर मायला नेलं असतं का तुम्ही? बाया काय येड्या हायेत? ओस पडायचं तवा पडंल. पण तुम्ही उद्या दिल्लीला चालल्या, जिथं हे ठरवतात तिथं. आन तुमची माय हितं आमच्यात बसून राह्यली. आता तिथं तुम्हाला गप बसता येणार न्हाई. बायांनी होकार त्याच्यावर दिला.”

एवढं बोलून ती पाइपांसाठी ट्रॅक्टर सांगायला गेली. रेणुका ओट्यावरच राहिली. तिला वाटलं होतं आपण मायला परत आणून सोडलं. गावानं मायला तारण म्हणून ठेवून घेतलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी गुढ्या उभ्या राहिल्या आणि शेततळ्याकडून पाइप टाकल्याचे आवाज येत असताना रेणुका भोकरदनच्या बसमध्ये चढली. अंगदनं बॅग वर चढवली. आसराबाई फाट्यापर्यंत आली होती, पण बस सुटायच्या आधीच तिथं भेटलेल्या दोघी जणींशी बोलण्यात गुंतली, आणि बोलता बोलता त्यांच्याबरोबर शेततळ्याच्या वाटेला लागली. महिना व्हायला अजून बरेच दिवस होते. रेणुकानं खिडकीतून हाक मारली, धुळीत जाऊ नको म्हणाली. मायनं मागं न बघता हात वर केला आणि चालत राहिली.

बस हलली. रेणुकानं दिल्लीच्या बैठकीचे कागद मांडीवर काढले आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. रोजगाराचा मजकूर शेवटच्या पानावर होता, दोन ओळींत. तिनं पेन काढला. पाय इतका जोरात हलत होता की शेजारच्या बाईनं आपली पिशवी जरा पलीकडं सरकवली.